लिहून ठेवणं, खाऊन बघणं : भाषेचे क्लास आणि पडद्यावरच्या भाषा



विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी विचारलं, की भाषेचे क्लास आणि चित्रपट ही काय मोट बांधलीत? मोट आम्ही बांधलेली नाही, ती रविवारने बांधली. आम्ही पाच-सहा जण पुण्यात परकी भाषा शिकतो. काही जर्मनच्या बॅचला, काही जपानीच्या. रविवारचा क्लास सुटला की कुणाच्या तरी घरी जमायचं, पोहे नाहीतर मिसळ, आणि एक चित्रपट. सुरुवातीला क्लासचा वैताग घालवायला बघायचो. मग लक्षात यायला लागलं, की ज्या गोष्टींना क्लासमध्ये वेळच मिळत नाही, त्या आम्ही बघत असलेल्या चित्रपटांत समोर येऊन उभ्या राहताहेत. आज त्यातल्या चार-पाच चित्रपटांबद्दल बोलू. पण आधी वैताग. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पाठ्यपुस्तकातली माणसं तुम्हाला माहीत असतील. ती कायम रेल्वे स्टेशनवर असतात. फलाट विचारतात, कॉफी मागवतात, एकमेकांना छंद विचारतात, आणि प्रत्येकाला पोहायला आवडतं. कुणाचा पगार अडकलेला नसतो, कुणाचं घरमालकाशी वाजलेलं नसतं. तीस जणांची बॅच, वर गरगरणारा पंखा, आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर ऐकण्याचा सराव. संवाद दोनदा वाजतो. पहिल्यांदा पंखा ऐकू येतो, दुसऱ्यांदा शेजारच्या वर्गातला ऑडिओ. मग पर्याय अ, ब, क. एका शिक्षकांनी आम्हाला जपानी ऐकण्याचा सराव म्हणून विम वेंडर्सचा ‘परफेक्ट डेज’ बघायला सांगितला. चांगला चित्रपट आहे, कोजी याकुशोने कमाल काम केलंय. पण टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा तो नायक बोलतो किती? पहिला अर्धा-पाऊण तास आम्ही वही-पेन घेऊन बसलो होतो. (हशा)

आता हा विनोद बाजूला ठेवा. खरा त्रास वेगळा आहे, आणि तो आम्हाला फार उशिरा नीट मांडता आला. आपल्याकडे परकी भाषा इंग्रजीतून शिकवली जाते. पुस्तक बाहेरचं, त्यातलं व्याकरणाचं स्पष्टीकरण इंग्रजीत, शिक्षकही मराठी आणि विद्यार्थीही मराठी, तरी मधे इंग्रजीचा जकातनाका. प्रत्येक शब्दाने तिथे थांबून पावती फाडायची आणि मग पुढे जायचं.

जर्मनमधल्या तीन लिंगांचंच घ्या. पहिल्या आठवड्यात वर्गात हाहाकार. टेबल पुरुष कसं? दिवा बाई कसा? मुलीला नपुंसकलिंग, हा काय प्रकार? अहो, पण आपल्याला तीन लिंगं आईच्या दुधाबरोबर मिळालेली आहेत. ‘तो दिवा, ती समई, ते निरांजन’ म्हणताना आपण कधी अडलोय? आणि ‘ते पोरगं’ म्हणतोच की आपण. इंग्रजीत एकच ‘द’ आहे म्हणून तीन लिंगं हे इंग्रजीभाषकाला संकट. त्याचं संकट आपण फी भरून विकत घेतो. जर्मनमध्ये गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, यावर दोन तास खर्च होतात. ‘वाइल इश म्यूडे बिन.’ शब्दाला शब्द ठेवून बघा : कारण मी दमलेला आहे. झालं की! ‘डू’ आणि ‘झी’ म्हणजे तू आणि तुम्ही; पण ‘यू’च्या खिडकीतून बघितलं की त्याचं एक अख्खं प्रकरण होतं.

जपानीत तर ही गंमत आणखी पुढे जाते. वाक्याचा क्रम आपलाच : कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. शब्दाच्या मागे चिकटणारे ‘नो’, ‘नि’, ‘कारा’ म्हणजे आपले चा-ची-चे, ला, पासून. आणि क्रियापदांच्या जोड्या! ‘मिरु’ म्हणजे बघणे. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे. ‘ताबेते शिमाउ’ला ‘खाऊन टाकणे’ इतका चपखल शब्द दुसरा नाही. त्यातली ती जराशी हळहळसुद्धा येते, की अरे, खाऊनच टाकलंस? पुस्तकात यासाठी अर्धं पान इंग्रजी : भविष्यातल्या उपयोगासाठी आगाऊ केलेली क्रिया, वगैरे. मराठी आईने पोराला ‘गृहपाठ लिहून ठेव’ म्हटलं, की त्यात ते अर्धं पान आलं. हे सगळे शिक्षकांना दिसत नाही असं नाही. एखादा चांगला शिक्षक मधेच हळू आवाजात मराठीत सांगून जातो, आणि तेवढ्यात वर्गातले तीस चेहरे उजळतात. मग तो परत पुस्तकाकडे वळतो, कारण परीक्षा पुस्तकाची आहे.

परीक्षेबद्दलही एक बोललं पाहिजे. जपानीची जी परीक्षा सगळे देतात, जेएलपीटी, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत पाच पायऱ्या. त्यात बोलण्याची चाचणीच नाही. लिहिण्याचीही नाही. गोल काळे करायचे. म्हणजे तोंड न उघडता माणूस वरच्या पायरीवर जाऊन बसू शकतो. जर्मनच्या परीक्षेत बोलावं लागतं हे खरं, पण काय, तर चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठीवरच्या विषयावर प्रश्न विचारायचा.

हे सगळं हसण्यावारी नेता येत नाही, कारण आमच्या वर्गात सगळेच आमच्यासारखे हौशी नाहीत. पहिल्या बाकावर एक परिचारिका बसते. तिला तिकडे कामाची मान्यता हवी तर साधारण बी-टूपर्यंत जावं लागणार. तिच्या शेजारी नुकतं लग्न झालेली मुलगी. नवरा जर्मनीत, आणि काही अपवाद सोडले तर जोडीदाराच्या व्हिसासाठी ए-वनचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे ‘डेर, डी, डास’ चुकलं तर संसार सहा महिने पुढे. 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारने बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून जर्मन हा शब्द जिल्ह्याच्या गावांतही ऐकू येतो. या माणसांना तिकडे जाऊन कॉफी मागवायची नाहीये. रुग्णाच्या नातेवाइकाला वाईट बातमी सांगायची आहे, पगाराच्या चिठ्ठीतली कपात का झाली विचारायची आहे, आपल्यावर आळ आला तर ‘मी हे केलं नाही’ म्हणायचं आहे. हे डोक्यात ठेवून आम्ही चित्रपटांकडे बघत होतो.

पहिला अर्थातच ‘इंग्लिश विंग्लिश’. 2012 चा. आमच्यातल्या बहुतेकांनी आधी बघितलेला, पण क्लास लावल्यावर तो वेगळा दिसला. गौरी शिंदे मूळच्या पुण्याच्या; आईची माफी मागावी म्हणून हा चित्रपट केला, असं त्यांनी वेळोवेळी सांगितलंय. शशी गोडबोले लाडू करून विकते, घरात तिच्या इंग्रजीची टिंगल चालते, भाचीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला जाते आणि चार आठवड्यांचा क्लास गुपचूप लावते. एक गोष्ट आम्हाला खटकत राहिली, ती सांगून टाकतो : पुण्यातले गोडबोले, आणि घरात चोवीस तास हिंदी. हिंदी चित्रपट आहे, मान्य. पण ज्या चित्रपटाचं सगळं दुःख भाषेमुळे येणाऱ्या कमीपणाचं आहे, त्याने नायिकेची मायबोली इतक्या सहज बदलून टाकावी?

तरी या चित्रपटाला क्लास कळलेला आहे. तिथला शिक्षक बरा आहे, पण शिकवतात ते सोबती : पाकिस्तानी टॅक्सीवाला, तमिळ संगणकवाला, मेक्सिकन आया, फ्रेंच स्वयंपाकी. सगळ्यांची इंग्रजी वेगवेगळ्या जागी मोडलेली, त्यामुळे कुणी कुणाला हसत नाही. शशी विचारते, की ‘युनायटेड स्टेट्स’च्या आधी ‘द’ आणि ‘इंडिया’च्या आधी का नाही? हा खऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. आमच्या बॅचला असला प्रश्न विचारला की उत्तर येतं, ‘पुढच्या लेव्हलला येईल’. आणि श्रीदेवीचं काम! ती बोलण्याआधी ओठ जरासे हलवते, वाक्य आत जुळवून बघते, मग सोडून देते. जो कुणी परक्या भाषेत दुकानात उभा राहिलाय त्याला ती हालचाल ओळखू येईल. कॉफीच्या दुकानातला तो प्रसंग बघताना आमच्यातली एक जण उठून आत पाणी प्यायला गेली.

मग हा चित्रपट कुठे कच खातो? शेवटच्या भाषणात नाही. ते भाषण चांगलं आहे. नवरा ‘हिचं इंग्रजी बेताचं आहे’ म्हणून सावरायला उठतो आणि ती परवानगी मागून स्वतः बोलते. वाक्यं साधी, काही तुटलेली, विषय संसारातल्या मानाचा. आणि कुणी दुरुस्त करत नाही. इथेच थांबला असता तर! पण लाडू सांडल्यामुळे तिची परीक्षा बुडालेली असते, म्हणून शिक्षक तिथेच, लग्नमंडपात, तिला विशेष प्राविण्यासह प्रमाणपत्र देऊन टाकतो. म्हणजे तिने भर सभेत घरच्यांना जे ऐकवलं, त्याचे मार्क झाले. आम्ही त्या क्षणी एकमेकांकडे बघितलं. इतकं सगळं कळलेल्या चित्रपटालाही शेवटी शिक्का लागलाच. त्यापेक्षा विमानातला शेवटचा छोटा प्रसंग किती शहाणा आहे : ती हवाई सुंदरीकडे व्यवस्थित इंग्रजीत हिंदी वर्तमानपत्र मागते.

दुसरा चित्रपट ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’, जुस्तीन त्रिए यांचा, 2023 चा, कानला पाम दोर मिळालेला. हा बी-टूच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीने दाखवावा. बाई जर्मन, लेखिका. नवरा फ्रेंच. राहतात फ्रान्सच्या डोंगरात, घरात इंग्रजी बोलतात. नवरा वरून पडून मरतो आणि खुनाचा आरोप तिच्यावर येतो. खटला फ्रेंचमध्ये. तिला फ्रेंच येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ती ‘पास’ आहे. ती फ्रेंचमध्ये साक्ष द्यायला लागते, आणि जिथे गोष्ट नाजूक होते तिथे अडते, मग इंग्रजीवर येते. इंग्रजी तरी कुठे तिची? तिची जर्मन चित्रपटात जवळपास ऐकूच येत नाही. नवरा-बायकोच्या भांडणाचं ध्वनिमुद्रण कोर्टात वाजवलं जातं, त्यात हाच मुद्दा निघतो : कोण कुणाच्या भाषेत राहतंय? तिचं म्हणणं, इंग्रजी ही दोघांच्या मधली जागा आहे, तू तुझ्यात नाहीस, मी माझ्यात नाही.

या चित्रपटाबद्दल बरंच लिहून आलंय, ती दोषी की निर्दोष यावरच बहुतेक. आम्हाला ते दुय्यम वाटलं. सरकारी वकील चपळ फ्रेंचमध्ये एकेक शब्द चिमट्यात धरतो, आणि समोरची बाई, जिची सगळी हयात शब्दांवर गेली, ती साध्या वाक्यांची होऊन बसते. साधी वाक्यं बोलणारा माणूस थंड वाटतो. लपवाछपवी करतोय असा वाटतो. ‘कदाचित’, ‘तसं नाही, पण’, ‘मला म्हणायचं होतं ते असं’ हे सगळे पदर पायरीच्या परीक्षेत नसतात. आणि आरोप झाल्यावर माणसाला तेच लागतात. झांड्रा ह्यूलरने हे भाषेच्या थकव्यातून दाखवलंय. कोर्टात ती रडते तेव्हा नाही, ती शब्द शोधते तेव्हा आपल्याला तिची भीती वाटते.

आणि हे फ्रान्सपुरतं आहे असं समजू नका. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ आठवा. मराठी शाहीर आरोपी, बचावाचा वकील घरी गुजराती बोलणारा, मराठी त्याला जड जाते, कायद्याची कलमं इंग्रजीत, आणि सरकारी वकीलबाई ती कलमं सपाट सुरात वाचत सुटलेल्या. आरोपीच्या आयुष्याचा निकाल ज्या आवाजात लागतो, त्यात कुणीच आपल्या भाषेत पूर्ण बोलत नाही. ताम्हाणेंनी यावर बोट ठेवून भाषण केलेलं नाही, कॅमेरा लांब ठेवून बसलेत नुसते. म्हणून ते जास्त लागतं.

‘पर्शियन लेसन्स’वर फार वेळ घालवत नाही. नाझी छावणीत एक बेल्जियन ज्यू जीव वाचवायला ‘मी इराणी’ म्हणतो, आणि तिथल्या अधिकाऱ्याला फारसी शिकायची असते, युद्ध संपल्यावर तेहरानला हॉटेल काढायचंय म्हणून. मग हा खोटीच फारसी तयार करून शिकवतो, कैद्यांच्या नावांचे तुकडे पाडून शब्द बनवतो. कथा ताणलेली आहे, पटकथेतले योगायोग डोळ्यांवर येतात. पण भाषेच्या क्लासचं इतकं भयानक चित्र आम्ही दुसरीकडे बघितलेलं नाही. विद्यार्थी मन लावून याद्या पाठ करतो; शिक्षकाकडून एकच शब्द भाकरीला आणि झाडाला वापरला जातो तर मरणाची पाळी येते. शेवटी तो अधिकारी तेहरानच्या विमानतळावर आपलं ‘फारसी’ अस्खलित बोलतो आणि समोरच्याला एक अक्षर कळत नाही. आमच्या जपानीवाल्या मित्राच्या तोंडून निघालं, ‘हा एन-टू.’ (हशा) पण चित्रपटाचा शेवट तिथे नाही. वाचलेला तो माणूस जेव्हा शब्दांच्या मागची नावं एकेक म्हणायला लागतो, तेव्हा पाठांतर या गोष्टीबद्दलचा आमचा सगळा चावटपणा गळून पडला. यादीतल्या प्रत्येक शब्दामागे एक माणूस होता.

तिथून आपण ‘ड्राइव्ह माय कार’वर येऊ. र्‍युसुके हामागुची, 2021, तीन तासांना एखादा मिनिट कमी. हा आमच्या सगळ्या रविवारांतला सर्वांत मोठा चित्रपट, आणि वादही याच्यावरच झाला. काफुकू हा रंगकर्मी हिरोशिमात चेखवचं ‘अंकल वान्या’ बसवतो. नट वेगवेगळ्या देशांचे. जपानी जपानीत बोलणार, कुणी मँडरिनमध्ये, आणि एक मुलगी कोरियन खुणांच्या भाषेत. एकमेकांची भाषा येत नाही. आणि दिग्दर्शक काय करतो? दिवसेंदिवस नुसतं वाचन. भाव नको, अभिनय नको, सपाट वाचा. नट कंटाळतात, कुरकुरतात. तो स्वतः गाडीत, त्या लाल साबमध्ये, बायकोच्या आवाजातली कॅसेट लावून तेच संवाद पुन्हा पुन्हा म्हणतो.

आमच्यातल्या दोघांचं म्हणणं पडलं, की हा तर आपलाच क्लास. तेच रटाळ वाचन, तीच कॅसेट. मग इथे ते थोर आणि तिथे वैताग, असं कसं? प्रश्न रास्त होता आणि त्यावर रात्री साडेअकरापर्यंत चाललं. आमच्यापुरतं जे हाती लागलं ते असं. काफुकूच्या नटांना समोरच्याचे शब्द कळत नाहीत, म्हणून त्यांना समोरच्याची वाट बघावी लागते. वाक्य कुठे संपलं हे टेबलावरच्या टकटकीवरून ओळखावं लागतं. पाठांतर इतकं मुरतं, की शब्दांकडे लक्ष द्यायची गरज उरत नाही आणि मग डोळे माणसाकडे जातात. बागेतल्या तालमीत, उन्हात, मँडरिन बोलणारी नटी आणि खुणांनी बोलणारी मुलगी यांच्यात अचानक काहीतरी घडतं. बाकीचे नट नुसते बघत राहतात. आमच्या क्लासमध्ये पाठांतर मुरायच्या आधीच पान उलटतं. एका लेव्हलला इतके तास, इतके धडे, पुढची बॅच दाराबाहेर उभी. आणि मुख्य म्हणजे ते संवाद चेखवचे आहेत. शंभर वेळा म्हणावेत असे. ‘आठ नंबरच्या फलाटावरून गाडी सुटते’ हे शंभर वेळा म्हणून माणूस कुठे पोचणार?

एकीचं मत शेवटपर्यंत वेगळंच राहिलं, तेही सांगायला हवं. ती परिचारिका, पहिल्या बाकावरची. त्या रविवारी ती आली होती. तिचं म्हणणं, तुम्हाला फलाटाचा कंटाळा येतो कारण तुम्हाला गाडी पकडायची नाही. मला ते वाक्य झोपेतही आलं पाहिजे. हे ऐकून आम्ही गप्प झालो. मात्र पुढे तिनेच जोडलं, की रुग्णाला ‘घाबरू नका’ कसं म्हणायचं हे ए-वनमध्ये नाही, ए-टूमध्ये नाही, तिने दोनदा विचारलं, दोनदा ‘पुढे येईल’ असं उत्तर मिळालं. शेवटी तिने ते एका जर्मन रुग्णालयाच्या मालिकेतून उचललं, सबटायटल्स थांबवून थांबवून, वहीत लिहून ठेवलं. लिहून ठेवलं, बरं का, काइते ओकु.

‘ड्राइव्ह माय कार’च्या शेवटी नाटकाचा प्रयोग आहे. सोन्याचं शेवटचं स्वगत, ते खुणांच्या भाषेत. पार्क यु-रिम या नटीने वान्या झालेल्या काफुकूच्या मागे उभं राहून, त्याच्या खांद्यांवरून आपले हात पुढे आणून, त्याच्या छातीसमोर ते केलंय. प्रेक्षागृहात आवाज नाही. हातांचा आणि कपड्यांचा तेवढा. आमच्यापैकी कुणालाही ती भाषा येत नाही. सबटायटल्स होती, पण त्या रात्री कुणी वाचत होतं असं वाटलं नाही. चित्रपट संपल्यावर पहिल्या बाकावरची ती म्हणाली, ‘परत मागे घ्या जरा, हात बघायचेत.’ आम्ही मागे घेतला. तीनदा.

प्रश्न असतील तर विचारा. मराठीतच विचारा.